रघुजीचा सेट बंद पडत नाही

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या रघुजी इंगळ्याचा मैकसेट ठरवला की लग्नघरचा बाप निर्धास्त झोपायचा. कर्णे, स्पीकरची मोठी खोकी, जनरेटर, लॉरी, सगळं त्याचं स्वतःचं. आणि एकदा लावलेला सेट कार्यक्रम संपेपर्यंत बंद पडत नाही, ही त्याची ख्याती होती.

ही ख्याती त्याच्या बापाच्या जबड्यावर उभी होती. बाप खंडोजी, तोही मैकसेटवाला. बसवनगुडीत एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्याचा कर्णा गपकन बंद पडला. वरपक्षाच्या चार धटिंगणांनी त्याला मांडवाच्या खांबाला रेटून असा बदडला, की खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. पुढं मरेपर्यंत खंडोजी नाचणीची आंबील पिऊन जगला. रघुजीनं ते सगळं उभ्या उभ्या पाहिलं होतं. सेट बंद पडला की माणसं मारतात, एवढं त्याच्या हाडात जाऊन बसलं.

मग त्यानं काय काय करून ठेवलं, ऐका. एकदा कन्नड राज्योत्सवाचा मांडव वाऱ्यानं कोसळला, तर ह्या पठ्ठ्यानं कापडाखाली सरपटत जाऊन तुटलेल्या तारा दातात आवळून धरल्या. भाषण पुरं झालं. ओठाचा एक कोपरा जळून कायमचा वर गेला, म्हणून कुणाच्या मयतालाही तो गालात हसतोय असं वाटायचं. दारुडे येऊन गाणं बदलतात, म्हणून ॲम्प्लिफायर आणि टेप लोखंडी पिंजऱ्यात, पिंजऱ्याला कुलूप. तारा कापतात, म्हणून तारा लोखंडी नळ्यांतून. जनरेटर रुसला तर पापणी लवायच्या आत लॉरीच्या बॅटऱ्या सुरू. कॅसेट संपली तर आपोआप उलटी वाजणार. कुलपाची किल्ली त्याचा मेहुणा गुंडो याच्या कमरेला. गुंडो म्हणजे चाळिशीतला रेडा, त्याच्या कमरेला हात घालायची कुणाची छाती?

मी त्यांच्या नात्याचा नाही, समोरच्या गल्लीतला. पण फुकटचं जेवण आणि फुकटची मारामारी, दोन्हीकडे मी पहिल्या पंगतीला.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात निहार नावाचा पुण्याचा मुलगा दुकानात आला. कंप्युटरच्या कंपनीत नोकरी, केस पाठीवर.

"काका, रविवारी दिवसभर सेट हवाय. बेळ्ळंदूरच्या तळ्यापलीकडं, नीलगिरीच्या बनात."

"लग्न कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"मग जयंती?"

"नाही हो. तिकीट नाही, आमंत्रण नाही. कोणीही यायचं आणि नाचायचं."

"कशाबद्दल?"

"रविवार आहे म्हणून!"

रघुजीची बायको अहल्या आत तांदूळ निवडत होती. ती आतूनच निहारला म्हणाली, "अण्णा, गाणी तरी कसली?"

"हाऊस म्युझिक म्हणतात त्याला, काकू."

"घरचं आहे तर रानात कशाला नेता रे?"

निहार हसला. धुळीत तबकड्यांची सुई उडते, म्हणून त्यानं सगळं कॅसेटवर उतरवून आणलं होतं. रघुजीनं एकच विचारलं, "मधे बंद करायला सांगणार नाहीस ना?"

"काका, ह्यात बंद करणं हाच गुन्हा आहे."

रघुजी खूष. असं गिऱ्हाईक त्याला जन्मात मिळालं नव्हतं.

आता एक गोष्ट आम्हाला नंतर कळली, पण तुम्हाला आधीच सांगतो, नाहीतर पुढचं ध्यानात यायचं नाही. त्या बाजूला एका लहान तळ्याच्या दोन अंगांना दोन गावं होती. नावं कशाला घेऊ, वरचं गाव आणि खालचं गाव म्हणू. उन्हाळ्यात पाणी सोडण्यावरून त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. कुणी चोरून तळ्याचं तोंड उघडलं तर गावात तमटे, म्हणजे आपली हलगी, वाजवायची. जत्रेला वाजते तशी नव्हे, मयताला वाजते तशीही नव्हे. एकच ठोका, एकसारखा, न थांबता. तो ऐकला की हाताला येईल ते घेऊन प्रत्येक पुरुषानं बांधावर जायचं. आणि तमटे वाजतंय तोवर परत फिरायचं नाही. फिरला त्याच्या अंगावर बायका बांगड्या फेकायच्या.

आणि आमच्या निहारची कॅसेट? धड, धड, धड, धड. रविवारी बनात तासभर ऐकून रघुजीनं मला हळूच विचारलं, "हे गाणं सुरू कधी व्हायचं?"

दीडदोनशे पोरंपोरी नाचत होती. डोळे मिटलेले, अनवाणी, अंगावर लाल माती. भांडण नाही, धक्का नाही. मी लॉरीच्या टपावर चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा, द्रोण घेऊन बसलो होतो. मला तर ते आवडायला लागलं होतं, पाय आपला आपला हलत होता. तेवढ्यात बांधावरून वरच्या गावची माणसं धावत येताना दिसली. दांडकी, कोयते, एकाच्या हातात मुसळ. दुसऱ्या अंगानं खालचं गाव. हे समजले तमटे त्यांचं, ते समजले ह्यांचं, आणि दोन्ही गावं नेमकी नाचाच्या मधोमध समोरासमोर आली.

पोरांना वाटलं, गावकरीही नाचायला आले. शाल्मली म्हणून एक मुलगी होती, गालावर चमकी लावलेली. तिनं कोयतेवाल्याचा मोकळा हात धरून त्याला गोल फिरवलं. बिचारा फिरलाही! दुसऱ्या फेरीला त्याच्या डोक्यात मागून दांडकं बसलं आणि रक्ताची चिळकांडी तिच्या चमकीवर उडाली.

मग काय विचारता! मुसळ एकाच्या खांद्यावर उतरलं, ते हाड मोडल्याचा आवाज मला टपावर आला. एकानं दुसऱ्याचा कान दातात धरला तो सोडेचना, शेवटी कानाचा तुकडा थुंकला. कुदळीचा दांडा तोंडावर बसला आणि समोरचा एक म्हातारा ओंजळीत दात धरून उभा राहिला. पोरं किंचाळत गाड्यांकडं पळाली, त्यातल्या दोघांना पाठीत काठ्या बसल्या. आणि खोक्यांतून आपलं धड, धड, धड. त्या ठोक्यावर काठ्या पडत होत्या. खरं सांगतो, मी हातातला द्रोण खाली ठेवला नव्हता. कुस्तीच्या फडात बसल्यासारखा ओरडत होतो.

ओरडणं थांबलं ते गुंडो पडला तेव्हा.

गुंडो जनरेटर वाचवायला मधे घुसला होता. दोघांना त्यानं उचलून आपटलं. तिसऱ्यानं त्याच्या खांद्यात कोयता घातला, चौथ्यानं गुडघा फोडला, आणि तो त्या गर्दीखाली गेला. किल्लीसकट.

"काका, बंद करा!" निहार पिंजऱ्याचे गज हलवत होता. "टेप बंद करा!"

रघुजी जागचा हलेना. एवढ्यात कुणाचा तरी धोंडा जनरेटरवर बसला आणि आवाज गेला. एक श्वासभर, बस. त्या एका श्वासात मी पाहिलं, वर गेलेल्या काठ्या वरच राहिल्या. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आणि खट्‌कन बॅटऱ्या लागल्या. धड, धड, धड. काठ्या खाली आल्या.

वरच्या गावचा मल्लाप्पा, जो स्वतः तिथलं तमटे वाजवायचा, कपाळ फुटलेल्या अवस्थेत रांगत रघुजीपाशी आला. त्याची पँट धरून म्हणाला, "निल्सु अण्णा, निल्सु! थांबव ते. तमटे तुझंच आहे, हे कळलं सगळ्यांना. पण वाजत असताना पहिली काठी कोण खाली टाकेल?"

"मी मधे सेट बंद करत नाही," रघुजी म्हणाला. हे तो एखाद्या झोपेतल्या माणसासारखा बोलला.

"मग ते पायाखाली पडलेले मरतील!"

त्यात आमचा गुंडो. त्या पायांच्या गर्दीतून त्याचा हात तेवढा बाहेर आला होता, आणि कुणीतरी त्यावर उभं होतं.

पिंजरा लोखंडी, तारा लोखंडात, बॅटऱ्यांच्या पेटीलाही तेच कुलूप, किल्ली त्या गर्दीखाली. आपण काय बांधून ठेवलंय हे त्याला तेव्हा कळलं असावं. त्यानं मांडवाची पहार उचलली. ती खोकी त्यानं स्वतः बनवली होती, सागवानाची, माणूसभर उंच, दर अमावास्येला त्यांना लिंबू आणि हळदीकुंकू. पहिल्या खोक्याच्या पोटात त्यानं पहार घातली. कागदाचा तो मोठा पडदा टरकन फाटला. पुन्हा घातली. मग दुसऱ्याकडं वळला. वाटेत एकाची काठी त्याच्या पाठीत बसली, दुसरी बरगडीत, त्यानं वळूनही पाहिलं नाही. "मर! मर!" असं ओरडत तो घालत राहिला. आवाज घोगरा झाला, मग नुसती चरचर, मग काहीच नाही.

तळ्यावर टिटवी ओरडली ती सगळ्यांना ऐकू आली.

मल्लाप्पा मधे जाऊन फतकल मारून बसला. एक काठी पडली. मग दुसरी. कोयतेवाल्यानं कोयता मातीत खुपसला.

आणि रघुजी? त्यानं पहार टाकली, फुटक्या खोक्याला पाठ लावून उकिडवा बसला, दोन्ही हातांनी जबडा झाकला आणि डोळे मिटून घेतले. सेट बंद पडला होता. आता तो मार यायची वाट बघत होता.

कुणीच आलं नाही. शाल्मली आली. तिनं त्याच्या बोटांवर हात ठेवला, तरी तो जबडा सोडेना. शेवटी जमिनीवरून गुंडोचा आवाज आला, "दाजी, मेलो नाही मी. पण किल्ली हरवली बघा."

तेव्हा रघुजी रडला. वर गेलेल्या ओठानं हसत हसत रडला.

जखमींना त्या पोरांनी आपापल्या गाड्यांतून दवाखान्यात नेलं, वरचं गाव आणि खालचं गाव एकाच सीटवर दाटीवाटीनं. गुंडोचा तो हात पुढं खांद्याच्या वर कधी गेला नाही. पण जगला, आणि अजून माझ्याशी पत्त्यांत लबाडी करतो.

रघुजीनं पावसाळ्यात नवी खोकी केली. प्रत्येकाच्या तोंडावरच, सगळ्यांना दिसेल अशी, हातभर लांबीची तांबडी दांडी बसवली. ओढली की सेट बंद. लग्नात पोरं गंमत म्हणून ओढायची, अहल्या त्यांच्या मागं लाटणं घेऊन धावायची. रघुजी म्हणायचा, "सरी, सरी, असू दे. ओढू दे गं." आणि उठून पुन्हा लावायचा.