उघडा कॉम्प्युटर

माझा कॉम्प्युटर सुरू झाला तो शबानाताईंमुळे, हे आधी सांगतो. त्या मूळच्या नांदेडच्या. इथे हैदराबादेत आमच्या खोलीखाली राहतात आणि घरीच कॉम्प्युटर दुरुस्त करतात. गेम खेळायला कॉम्प्युटर जोडायचा म्हणून मी साठवलेले पैसे कॅबिनेटला, म्हणजे सगळे भाग बसवायच्या डब्याला, काही पुरेनात.

"डबा थोडाच खेळणार आहे गेम? ग्राफिक्स कार्ड चांगलं घे," ताई म्हणाल्या. मग सगळे भाग टेबलावर, पुठ्ठ्याच्या खोक्यावरच जोडले. चालू करायला बटणही नव्हतं. ताईंनी स्क्रू-ड्रायव्हर दिला. "या दोन पिनांना टेकव."

"जळलं तर?"

"तुझ्या घामानं भिजलं नाही, तर काही होत नाही."

टेकवलं, आणि पंखा फिरला.

तो उघड्यावरच फिरताना बघत राहिलो. आमच्या घरी नवी वस्तू कापडाखाली झाकून ठेवतात. नववीतच शाळा सोडलेला मी स्वतःलाही तसाच झाकत आलो. सगळं पुरं झालं की मग चारचौघांत येऊ, म्हणत. इथे तर तारा लोंबतायत आणि पडद्यावर गाडी सुसाट पळतेय. मलाही चारचौघांत येणं जमेल की, पुरं व्हायच्या आधीच जमेल.

ताईंना स्वतःचं दुकान काढायचंय. काढतील त्या दिवशी शटर उचलायला मी हजर असेन.