स्कॉटलंड, नेपरव्हिल आणि पंचवीस सह्या

एकदा ‘नाही’ म्हणालेल्या लोकांना तोच प्रश्न पुन्हा विचारायला किती वर्षं थांबायचं, सांगता?

आमच्या शिकागोच्या मराठी मंडळाचे अध्यक्षकाका यावर तासभर बोलू शकतात, पण फक्त स्कॉटलंडबद्दल, जिथले लोक ब्रिटनपासून वेगळं व्हायला एकदा ‘नाही’ म्हणाले होते. त्यांच्या ऑफिसात एक स्कॉटिश सहकारी आहे, त्यामुळे तो देश ते स्वतःचाच समजतात. गेल्या हिवाळ्यात मी आई-बाबांकडे आले होते, तेव्हा ते तिथे जेवायला आले. पोळीचा तुकडा हातातच धरून म्हणाले, “ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं, परिस्थिती बदलली. मग पुन्हा सार्वमत नको? आणि त्याला परवानगी लंडनची? काय नॉनसेन्स आहे यार.”

मी शब्दन् शब्द उतरवून घेतला. लहानपणापासून पत्रकं वाचत आणि वाटत आले आहे. ऐकलेलं वाया घालवत नाही.

आमच्या घरचंही एक सार्वमत अडलेलं होतं. आई-बाबा राहतात त्या नेपरव्हिलला, शिकागोच्या उपनगराला, वेगळं मंडळ हवं का, यावर पूर्वी एकदा मतदान झालं होतं, तेही नेमकं जेवणाची रांग लागल्यावर. “हवं म्हणणाऱ्यांनी हात वर करा,” असं पुकारलं तेव्हा आमची बहुतेक मंडळी रांगेत पुढे होती, एका हातात ताट, दुसऱ्यात वाटी. श्रीखंड सांडून स्वातंत्र्य कोणीच मागितलं नाही. ठराव पडला.

त्यानंतर डॉक्टरांनी बाबांचं ड्रायव्हिंग बंद केलं. मंडळाचा हॉल शिकागोच्या पलीकडे, आणि बर्फात हायवेवर गाडी काढायला आई घाबरते. मी राहते विमानाने चार तासांवर, रेडमंडला. तीन संक्रांती आईने हळदीकुंकवाचे फोटो फोनवर बघत काढल्या.

म्हणून मी काकांचं भाषण छापलं. स्कॉटलंडच्या जागी नेपरव्हिल घातलं, लंडनच्या जागी कार्यकारिणी. उन्हाळ्यातल्या सभेला आईला घेऊन गेले आणि प्रती वाटल्या. काकांनी चष्मा लावून वाचलं.

“मुद्देसूद आहे. कोणी लिहिलंय?”

“तुम्हीच, काका.”

“अगं, आपलं वेगळं. तिकडे परिस्थिती बदलली ना.”

“आमचीही बदलली, भाऊजी,” आई म्हणाली. “ह्यांची गाडी बंद झाली.”

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “पंचवीस सभासदांच्या सह्या आणा,” ते म्हणाले. “घेऊ मतदान.”

चोवीस झाल्या आहेत. तुम्ही आमच्या मंडळाचे सभासद असाल, तर पंचविसावी सही तुम्ही करा. मग मत खुशाल विरोधात द्या.