सावरलं का?

माझ्या माहेरी, आंजी गावात, आमच्या वावरातली वांगी सडकेपर्यंत डोक्यावर न्यावी लागत. भरलेलं टोपलं एकटीच्यानं डोक्यावर चढत नाही. माय ते उचलून माझ्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवायची आणि विचारायची, "सावरलं का वं?" मी "सावरलं" म्हटल्याशिवाय तिनं हात काढायचा नाही, हा वावरातल्या सगळ्या बायांचा नेम. ओझं सावरलं की नाही, हे ज्याच्या डोक्यावर आहे त्यानंच सांगायचं.

मी पहिल्यापासून वांड. कधीकधी मुद्दामच बोलायची नाही. मग माय तशीच हात वर करून उभी, तिच्या बांगड्या माझ्या कानाशी किणकिणत. "बोल ना वं, माहे हात भरून आले," म्हणून करवादायची. मला हसू आवरायचं नाही. पण न विचारता हात सोडला, असं तिनं एकदाही केलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात माय गेली. सकाळचा चहा प्याली, भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही. तेरवी झाल्यावर मी पिपरी मेघेला माझ्या घरी परतले. शेजारणी यायच्या, दारातूनच म्हणायच्या, "ताई, सावरा आता स्वतःले." मला असा राग यायचा! हात न लावता, लांबून, कोणी सावरायला सांगतं का?

परवा गच्चीवर गहू वाळत घालायचे होते. धुतलेल्या गव्हाचं टोपलं मी जिन्याच्या कठड्यावर टेकवलं आणि खाली वाकून डोक्यावर घेतलं. तोल जाईल असं वाटलं, पण गेला नाही. टोपलं एकदम हलकं झालं. कानाशी बांगड्या वाजल्या. माझे हात वर होते, पण मी आता काचेच्या बांगड्या घालत नाही.

"सावरलं का वं?"

मी पायरीवरच थांबले. खालून नवरा ओरडला, "काऊन थांबली वं? जड झालं का? थांब, मी धरतो." तो दोन पायऱ्या चढून आला. मी हातानंच त्याला मागे सारलं.

टोपलं डोक्यावर नीट बसलं होतं. मान ताठ होती, पाय थरथरत नव्हते. पुन्हा तोच प्रश्न आला, जरा चिडून. मी ओठ घट्ट मिटून जिन्यात उभी राहिले. हो म्हटलं असतं, तर तिनं हात काढला असता.