हललेला नरसय्या

नरसय्या वारला त्या सकाळी मी त्याच्या बंद स्टुडिओच्या दारावर लाथ मारली. शाळेच्या ओळखपत्रासाठी काढलेले माझे फोटो तो कितीतरी दिवस ‘उद्या’ म्हणत लांबवत होता, आणि समोर विद्यार्थी नसला की मास्तर माणसाला राग काढायला दार लागतं. शेजारचा पानवाला कात लावता लावता थांबला. “मास्तर, दाराला कशाला मारताय? फोटोवाला पहाटं वारला की.” मी पाय खाली घेतला.

नरसय्याचा बाप सोलापुरात कापडाच्या मागावर, भाऊ मागावर. हा एकटाच त्या खडखडाटातून उठून कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरला आणि आयुष्यभर एकाच वाक्यावर जगला... “हलू नका.” लग्नाची मुलगी, पेन्शनीतला म्हातारा, सगळे त्याच्यापुढे श्वास कोंडून बसायचे. माणूस मेला तरी यालाच बोलावणं. मढं खुर्चीत टेकवून बसवायचं, शेवटचा फोटो काढायचा. “दोन्हीत लई फरक पडत न्हाय बघ, मास्तर,” तो म्हणायचा. “एकदा तरी माझं न ऐकणारं कायतरी काढायचंय.” स्टुडिओच्या दर्शनी काचेत शहरातल्या शेटजींचे फोटो मांडलेले होते. ते सगळे उतरवून तिथं एकच चित्र लावायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पळता घोडा. कारण मंद्रूपच्या पुढं माळावर रानटी घोडी आहेत, अशी बातमी त्यानं कुठून तरी आणली होती. बहात्तरच्या दुष्काळात चारा नाही म्हणून लोकांनी सोडून दिलेली तट्टं. जगली ती हरणांबरोबर फिरतात, माणूस दिसला की उधळतात...

दुष्काळानंतरच्या कुठल्याशा थंडीत, एका रविवारी आम्ही पहिल्या एस.टी.नं निघालो. मंद्रूपला बिरप्पा नावाचा मेंढपाळ बैलगाडी घेऊन उभा होता. त्यानं आमच्या इस्त्रीच्या विजारींवर घोंगड्या टाकल्या आणि कायदा सांगितला, “उतरायचं न्हाय, त्वांड उघडायचं न्हाय. बैलगाडीला जनावर भीत न्हाय. प्यांटवाल्याला भितंय.” गाडी सरळ न नेता तो लांबून वळसे घेत, वळसा थोडा थोडा आवळत नेई. खरोखरच काळविटं आमच्याकडं पाहून पुन्हा चरायला लागली. एक कोल्हा अंग खाजवत बसला होता. लांबवर माळढोक, उपरणं सावरत चाललेल्या पाटलासारखा. नरसय्यानं सगळ्यांचे एकेक फोटो घेतले, पण रोल जपून. माझ्यावर काम एकच होतं, गप्प बसणं. ते मला चाळीस पोरांच्या वर्गातही कधी जमलेलं नाही.

ऊन वर आलं तशी टेकाडाआडून घोडी आली. आयाळी उडताहेत, मागं धुळीचा पडदा. नरसय्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. जरा लांब होती. अजून एक वळसा, बस्स. आणि मी, ती जवळ यावीत म्हणून, टांगेवाले करतात तसं जिभेनं केलं... च्यक् च्यक्.

सगळी उधळली. एक तांबडी घोडी तेवढी थांबली. कान टवकारले, वळली आणि दुडक्या चालीनं थेट गाडीजवळ येऊन उभी राहिली. निश्चल. स्टुडिओतल्या गिऱ्हाईकासारखी. पुढच्या पायाला केस गेलेलं गोल वळं होतं, जुन्या दाव्याचं.

“कुणाची तरी व्हती,” बिरप्पा म्हणाला. “अजून इसरली न्हाय.”

“काढ की! किती जवळ आलीय!” मी म्हणालो. नरसय्यानं कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. “हिलाबी कुणीतरी हलू नका सांगून ठेवलंय,” एवढंच बोलला. मग खाली उतरून त्यानं तिला आमची कडक भाकरी चारली, तिच्या मानेवर हात ठेवला. चूक सावरावी म्हणून मी कॅमेरा उचलला आणि खटका दाबला. त्याच क्षणी तो गर्रकन वळून मला काहीतरी म्हणाला. काय, ते आता आठवत नाही. शिवी असावी.

पुढच्या थंडीत पुन्हा जाऊ, म्हणालो होतो. पुढच्या थंडीत लग्नसराई होती, त्याच्या पुढच्या थंडीत त्याचा खोकला. काचेतले शेटजी आजही तिथंच आहेत. त्यांच्यापैकी एकजण तरी मातीला आला होता का, मला दिसला नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. अख्ख्या सोलापूरला खुर्चीत बसवणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकही फोटो घरात निघाला नाही. निघाला तो ट्रंकेच्या तळाशी, मी काढलेला. त्यानं तो मोठा करून धुतला होता, मला कधी दाखवला नव्हता. आता तोच भिंतीवर आहे, हार घातलेला. घोडीच्या पापण्या मोजता येतात, पायावरचं वळं दिसतं. शेजारी नरसय्या, नुसता पुसट फराटा. येणारा प्रत्येक जण घोडीला नमस्कार करून बसतो.

वहिनींनी चहा आणून ठेवला. मी फोटोकडं बघत गळा काढायच्या बेतात होतो... “वहिनी, जन्मात एकदाच हलला तो,” असं काहीतरी बोललोही.

त्यांनी पदरानं काच पुसली.

“घोडी चांगली आलीय, मास्तर. माणूस कुटं हाय त्यात?”