पंपवाल्याने आगीकडे बघायचं नसतं

काकूंना त्या मालिकेतली सहाही माणसं आवडायची. नकोसं व्हायचं ते सातवं. सातवं म्हणजे शेजारच्या खुर्चीत बसलेले त्यांचेच यजमान.

मालिका होती आगीच्या बंबावरच्या माणसांची. संध्याकाळी सातला लागायची. हीरो देखणा, पण काकू म्हणायच्या, "त्याचं कौतुक करायला सगळं जग बसलंय, मला बाकीचे द्या." ज्याने चहाचा कप ओठाला लावला की भोंगा वाजतो तो बिचारा साहेब. दात आवळून शिडी चढणारी पोरगी. गाडी हाकताना स्वतःशीच पुटपुटणारा टकला ड्रायव्हर, साहेबाशी सारखा वाद घालणारा जाड्या. आणि पंपवाला, त्याला तर एका भागात दोन वाक्यं मिळाली तरी नशीब.

"एकाचं बोलणं चाललं की बाकीचे खांबासारखे उभे नाही राहत," काकू लेकीला फोनवर सांगायच्या. "कुणी हातमोजे वाळत घालतं, कुणी नळी गुंडाळतं. भरलेलं घर असतं ना, तसं वाटतं बघ."

पण सुखासुखी बघू देतील तर ते काका कसले! बत्तीस वर्षं बंबावर पंप चालवून ते घरी बसलेले. मालिका सुरू झाली की यांची जीभ सुटायची.

"बूट बघ, बूट! आगीतून आलाय का लग्नातून?"

"अहो, ऐकू द्या."

"नळी अशी धरतात? तोंडावर आपटेल."

"आपटू दे. तुमचं काय जातंय?"

पाच मिनिटं गप्प बसायचे, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मालिकेतल्यांचं सोडा, खरा राग होता लंबूवर. लंबू म्हणजे काकांचा जोडीदार. नळीचं तोंड धरून आगीत शिरायचा तो, बाहेर पंप सांभाळायचे काका. वीस वर्षं दोघं एकाच बंबावर. मग एका गोदामाच्या आगीतून लंबूने दोन हमाल बाहेर काढले आणि त्याला पदक मिळालं. सत्काराला तो उठला, "मी आत गेलो, दोघांना उचललं, बाहेर आणलं," एवढं बोलून खाली बसला. पंपाचं नाव नाही, पंपवाल्याचं तर नाहीच नाही. त्या दिवसापासून काकांनी अबोला धरला, त्याला चार वर्षं झाली. फोन वाजला आणि लंबूचा असला की वाजू द्यायचा.

यात भरडल्या गेल्या बायका. लंबूची बायको म्हणजे काकूंच्या जिवाभावाची. बाजारात भेटल्या तरी दोघी चोरी केल्यासारख्या उभ्याउभ्या बोलायच्या. त्या दिवशी सकाळी भाजीच्या गाडीपाशी ती म्हणाली, "रविवारी आम्ही मुलीकडे निघालो. कायमचे. सामान बांधून झालं."

काकूंनी घरी येऊन सांगितलं. काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जाऊ दे. रस्ता मोकळा आहे."

काकूंनी पिशवी आपटली ती आपटली, दिवसभर भांडीही आपटली.

संध्याकाळी मालिका लागली. हीरो धुराने भरलेल्या खोलीत रांगत होता. काका लगेच पुढे सरकले. "खोटं! साफ खोटं! आत एवढा उजेड असतो होय?"

काकूंचा बांध फुटला. "तुम्हाला हो काय माहीत? तुम्ही कधी आत गेला होतात?"

पडद्यावर आता बाहेरचा पंपवाला दिसत होता, आगीकडे पाठ करून पाण्याच्या दाबाच्या काट्यावर डोळे लावलेला.

"तो तिकडे बघत का नाही?" काकूंनी विचारलं.

"पंपवाल्याने आगीकडे बघायचं नसतं," काका हळू म्हणाले. "काट्याकडे बघायचं. दाब पडला तर आतला माणूस मेलाच."

"म्हणजे वीस वर्षांत एकदाही बघितलं नाहीत, लंबू आत काय करतो ते?"

काकांनी फोन ओढला आणि लंबूचा नंबर लावला. चार वर्षांनी, पाठ असलेला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. लंबूला हळू बोलणं कधी जमलंच नाही.

ना कसा आहेस, ना बरा आहेस. काका म्हणाले, "आत उजेड असतो का रे?"

"कुठे आत?"

"धुरात."

"स्वतःचा हात दिसत नाही. नळी तेवढी हाताला लागते. ती टणक असली की कळायचं, बाहेर तू जागेवर आहेस."

काकांनी नाक ओढलं. "मग भाषणात सांगायला काय धाड भरली होती?"

"एवढी माणसं बघून कधी एकदा खाली बसतो असं झालं. लिहिलेला कागद खिशातच राहिला."

"आणि चार वर्षं?"

"तू फोन उचलत नव्हतास, गाढवा!"

काकूंनी कपाळावर हात मारला. एका कागदापायी चार वर्षं! आणि आता हे दोघं कुठल्या आगीत कुणी कुठली नळी धरली होती, तिथून सुरुवात करणार. त्यांनी सरळ काकांच्या हातातून फोन घेतला. "भाऊजी, तिला द्या आधी. आणि शनिवारी दोघं जेवायला इकडे. नाही म्हणायचं नाही."

फोन कानाला लावून त्या स्वयंपाकघरात निघाल्या.

"अगं, माझं बोलणं अर्धं राहिलंय!" काका ओरडले.

"चार वर्षं राहिलं होतं ना? आता आणखी तासभर राहू द्या," म्हणत काकूंनी पायाने दार लोटलं.