ओक-हीने रचलेला मार

कोरियातल्या बुचॉन शहरात दातांच्या दवाखान्यात काम करणारी ओक-ही आवडत्या गायकावर इंटरनेटवर गोष्टी लिहायची. वाचक रडावेत म्हणून एका गोष्टीत तिने त्याच्या बापाच्या हाती पट्टा दिला आणि पोराची पाठ फोडली. नावं मात्र खरी ठेवली.

गायकाच्या वाढदिवशी चाहत्यांनी सजवलेल्या कॅफेत त्याची बहीण शिरली आणि तिने ओक-हीचे केस धरून तोंड टेबलावर आपटलं. "तुझं वाचून लोकांनी माझ्या बापाला भर बाजारात विटांनी ठेचलं, डोळा गेला त्याचा. सांग आता ह्यांना खरं."

रक्त पुसत ओक-ही म्हणाली, "मी मनानं रचलं होतं. त्यांनी कधी हात उगारला नाही."

"ताई, घाबरून खोटं बोलू नका," शेजारची चाहती म्हणाली आणि तिने बहिणीच्या डोक्यात खुर्ची घातली.