औटकी आणि कॉम्प्युटरची मुलाखत

कॉम्प्युटर नावाची वस्तू मी तोवर पाहिलेली नव्हती आणि तिच्यावर काम करण्यासाठी अर्ज मात्र केला होता. का केला, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. नगरच्या कॉलेजातून गणित घेऊन बीएस्सी झालो होतो आणि वर्षभर काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवर बसून दिसेल त्या जाहिरातीला अर्ज पाठवण्याचा सपाटा लावला होता. त्यातल्या एका जाहिरातीत ‘प्रोग्रामर पाहिजेत, गणिताचे पदवीधर चालतील’ असं होतं. त्यातले मला फक्त ‘गणिताचे पदवीधर’ हे दोन शब्द कळले. सत्तर साल नुकतंच मागं पडलं होतं, आणि प्रोग्रामर म्हणजे काय हे सांगू शकेल असं माणूस पंचक्रोशीत नव्हतं.

मे महिन्यात पत्र आलं. तीन आठवड्यांनी पुण्याला मुलाखत होती. दुसऱ्या कारखान्यांची कामं आपल्या कॉम्प्युटरवर करून देणारी ती कंपनी होती, एवढं पत्रातून समजलं. सोबत तयारीसाठी एक चार पानी इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यात चौकोन होते, बाण होते, आणि मधूनमधून एका कोनावर उभे केलेले चौकोन होते, ज्यांच्या एका टोकाला ‘हो’ आणि दुसऱ्या टोकाला ‘नाही’ लिहिलं होतं. आकडा एकही नव्हता. मी ती पुस्तिका दहा वेळा वाचली असेल. दहाही वेळा ती डोक्यावरून गेली आणि दहाव्या वेळी मी ती कणगीवर भिरकावून दिली.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती तिथून काढली, झटकली आणि विचारलं, “ह्ये यंत्र करतं काय?”

“गणितं करतं.”

“मोठी?”

“लई मोठी. अन् लगेच.”

आबा चौथी शिकलेले. पण त्यांच्या वेळच्या त्या चौथीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे घोटून घेतले जात. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो सगळ्यांत अवघड, आणि आबांचा सगळ्यांत लाडका. शेर-पायली चालू होती तोवर शनिवारच्या बाजारात त्यांना फार मान असे. धान्य मापता मापता हिशेब अडला की लोक हाक मारत, आबा उभ्या उभ्या उत्तर देत आणि पुढं चालू लागत. मग किलो आले, दशांश आले, आणि कुणी विचारीनासं झालं. याबद्दल ते कधी बोलले नाहीत. बाजारातून फक्त लवकर घरी येऊ लागले.

त्या दिवशी त्यांनी पुस्तिकेची चारही पानं उलटून पाहिली. मग म्हणाले, “यंत्र गणितं करतं. मंग त्येच्यावर बसवायचा मानूस यंत्राच्या वरचढ पायजे का न्हाई?”

मला यात कुठंतरी चूक आहे असं वाटत होतं. पण कुठं, ते सापडेना. आणि दुसरं काय करायचं हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

“पायजे,” मी म्हणालो.

“उद्या सकाळपासनं बसू.”

असा माझा अभ्यास सुरू झाला. पहाटे आबा गाईची धार काढायला बसत आणि मी समोर उकिडवा. “सतरा औट?” “साडेएकोणसाठ.” “तेवीस सवा?” “पावणेएकोणतीस.” “एकोणतीस पाऊण?” इथं मी अडखळे. आबा धार थांबवत नसत, मान वर करत नसत, नुसतं म्हणत, “पावणेबावीस. पुन्यांदा.” बावीस वर्षांचा पदवीधर घोडा मी, शेणाच्या वासात बसून पाढे म्हणतोय, याची मला इतकी चीड यायची की एकदा मी उठून चालता झालो. मागं वळून पाहिलं तर आबा एकटेच पुढचे पाढे म्हणत धार काढत होते आणि त्यांचा चेहरा असा खुलला होता, की मी मुकाट्यानं परत येऊन बसलो. त्यांना आपला उपयोग होतोय याचा आनंद झाला होता. तो मोडायची माझी छाती झाली नाही.

तरी मनात शंका होतीच. म्हणून एक दिवस एसटीनं नगरला गेलो. आमच्या गणिताच्या प्राध्यापकांनी पुस्तिका उलटीसुलटी पाहिली आणि कॉम्प्युटरचा फोटो आपण मासिकात पाहिला आहे, असं सांगितलं. मला चहा पाजला. तिथून नागापूरला गेलो. तिथल्या नव्या औद्योगिक वसाहतीत माझा मामेभाऊ लेथवर कामाला होता. यंत्रातलं त्याला कळतं अशी आमच्या नात्यात ख्याती होती. तो ठामपणे म्हणाला की कॉम्प्युटर गार खोलीत ठेवतात, नाहीतर तो बिघडतो, तेव्हा थंडीचं काहीतरी अंगावर घाल. तीन आठवड्यांत मला मिळालेली पक्की माहिती एवढीच. आईनं पिशवीत स्वेटर भरला. मे संपत आला होता आणि मी दौंडला गाडी बदलून स्वेटर घेऊन पुण्याला निघालो होतो.

मुलाखतीच्या खोलीत कॉम्प्युटर नव्हताच. छताचा पंखा होता, तोही नुसता आवाज करणारा. टेबलापलीकडे तिघं बसले होते. दोघं इंग्रजीत बोलत होते. तिसरे चष्मेवाले मराठी निघाले, नाहीतर मी तिथंच आटोपलो असतो. ते म्हणाले, “शंभर कार्डांचा गठ्ठा आहे. प्रत्येकावर एक आकडा. सगळ्यांत मोठा आकडा शोधायचाय.”

मी सरसावून बसलो. “कुठले आकडे, सर?”

“कुठलेही.”

“म्हणजे... पूर्णांक, की पाऊण-सव्वा वगैरे?”

“त्यानं काही फरक पडत नाही.”

आकड्यांनी फरक पडत नाही असं गणित मी जन्मात ऐकलं नव्हतं. तीन आठवडे मी उत्तरं पाठ केली होती आणि या माणसाला उत्तर नकोच होतं. “तुम्ही स्वतः शोधायचा नाही,” ते पुढं म्हणाले. “एका माणसाला शोधायला सांगायचंय. त्याला एका वेळी एकच कार्ड दिसतं आणि एकच आकडा लक्षात राहतो. बाकी त्याला काही म्हणजे काही कळत नाही. त्याला काय सांगाल?”

घाम मानेवरून खाली चालला होता. इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी एकानं घड्याळ पाहिलं. आता उठा म्हणतील, असं वाटलं, आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, “बैल बघतात तसं, सर.”

“कसं?”

आता मागं फिरता येईना. “आमच्याकडे शनिवारी बैलबाजार भरतो. वडील ओळीच्या एका टोकाला सुरुवात करतात. पहिला बैल मनात धरतात. पुढचा त्याच्यापेक्षा चांगला दिसला तर पहिला सोडून द्यायचा आणि हा धरायचा. नसला तर पुढं चालायचं. मनात एका वेळी एकच बैल. दोन धरले की घोळ होतो.”

“आणि थांबायचं कधी?”

“ओळ संपली की. शेवटी मनात असेल तो आपला.”

चष्मेवाल्यांनी बाकीच्या दोघांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. तिघंही हसले. ते मला हसले की बैलांना, हे मला कळलं नाही. आणखी दोन-चार प्रश्न झाले. पावकी नाही, निमकी नाही, बे एके बे सुद्धा नाही. बाहेर आलो तेव्हा मुलाखत चांगली झाली की वाईट, याचा मला काही म्हणता काही अंदाज नव्हता.

संध्याकाळी काष्टीच्या स्टँडवर आबा उभे होते. ते मला न्यायला कधी येत नसत. मी उतरायच्या आत त्यांनी विचारलं, “औटकी इचारली का?”

“इचारली,” मी म्हणालो.

“कितीची?”

“सतराची.”

आबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि वस्तीपर्यंत स्वतः आणली.

महिन्याभरानं नेमणुकीचं पत्र आलं आणि माझी थाप पक्की झाली. मी पुण्याला गेलो. आबा पुन्हा बाजारात उशिरापर्यंत थांबू लागले. औटकीच्या जोरावर पोरगं कॉम्प्युटरवर लागलं, ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली की तालुक्याच्या गावीही मला ती अनोळखी माणसाकडून ऐकायला मिळाली. मला लाज वाटायची. पण वडील खूश आहेत, कुणाचं काही बिघडत नाही, अशी मी मनाची समजूत घालत असे.

पुढच्या वर्षी सुट्टीवर आलो तर सकाळी गोठ्यातून पाढे ऐकू आले. शेजारच्या वस्तीवरचा एक तरुण, तोही नुकताच बीएस्सी झालेला, आबांसमोर बसला होता. त्याला आमच्याच कंपनीचं पत्र आलं होतं. आठ दिवसांनी मुलाखत होती. अर्ज टाकल्यापासून दोन महिने तो रोज येत होता, असं आईनं सांगितलं. माझ्यासारखा तो मधून उठून गेला नव्हता.

तो गेल्यावर आबा माझ्याजवळ येऊन बसले. “पोरगं गुनी हाय,” ते म्हणाले. “अन् गरजू हाय. धाकट्या दोन बहिनी हायेत. तू नीट आठवून सांग, काय काय इचारत्यात? औटकी तिसापातूर पुरंल का पुढं घेऊ?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. हो म्हणालो असतो तर तो आणखी आठ दिवस तिसाच्या पुढचे पाढे पाठ करत बसला असता आणि त्या खोलीत जाऊन माझ्यासारखाच गप्प झाला असता. आणि त्याला बैल आठवले असतेच असं नाही.

“आबा,” मी म्हणालो, “औटकी इचारली नव्हती. काहीच इचारलं नव्हतं पाढ्यांमधलं. मी खोटं बोललो तुमच्याशी.”

आणि मीच घाईघाईनं बाकीचं सांगत सुटलो. कार्डांचं सांगितलं, बैलांचं सांगितलं, तुम्हाला बाजारात पाहिलं होतं म्हणूनच उत्तर सुचलं, हेही सांगितलं. मला खरंच वाटलं होतं की हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

“येवढंच?” त्यांनी विचारलं.

“येवढंच.”

“बैल काय, कुनी बी निवडतं,” ते म्हणाले. “त्यात काय शिकल्यालं लागतंय?”

दुसऱ्या दिवशी तो तरुण वही घेऊन आला तेव्हा आबांनी त्याला माझ्यासमोर बसवलं. “ह्येच्याकडनं शीक. मला त्यातलं काय येत न्हाई,” म्हणाले आणि धारेची चरवी घेऊन आत गेले. मी आठ दिवस त्याला जमेल तसं सांगितलं. त्याला नोकरी लागली नाही. माझ्या शिकवण्यात काय राहून गेलं, तेही मला समजलं नाही.

पुढं मी सुट्टीवर आलो की कधी कधी आबांबरोबर बाजारात जायचो. कुणीतरी विचारायचंच, आबा, पोरगं कॉम्प्युटरवर कसं काय लागलं हो? आबा माझ्याकडे न बघता सांगायचे, “त्येचं त्येलाच ठावं,” आणि घरी जायला निघायचे.